सांगलीत राहून कॉम्प्युटरचं काम कॉन्ट्रॅक्टवर सुरू करताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्यातली नोकरी सोडून मी २०१७ मध्ये सांगलीला परत आले. तेव्हापासून सॉफ्टवेअरचं काम कॉन्ट्रॅक्टवरच करते आहे. वालचंद कॉलेजची मुलं, इस्लामपूरकडची मुलं, हिंजवडीतून घरी परतलेली नवरा-बायको असे बरेच जण भेटतात आणि साधारण तेच प्रश्न विचारतात. प्रत्येकाला फोनवर अर्धवट सांगण्यापेक्षा एकदा नीट लिहावं म्हणून हे पान. कराचे आकडे लिहितानाचे आहेत. ते दर अर्थसंकल्पात हलतात, म्हणून रिटर्न भरण्याआधी सीएला विचाराच.

कॉन्ट्रॅक्टवर काम म्हणजे नेमकं काय? मला एका एजन्सीकडून "कॉन्ट्रॅक्ट रोल" आलाय, तो हाच का?

बहुतेक वेळा नाही. एकाच शब्दाखाली तीन वेगळे प्रकार चालतात आणि पहिला गोंधळ इथेच होतो.

पहिला प्रकार एजन्सीच्या पगारपत्रकावरचा. काम मोठ्या कंपनीचं, पगार मधल्या एजन्सीकडून, मुदत सहा महिने किंवा वर्ष. इथे तुम्ही नोकरदारच असता. पीएफ कापला जातो, पगारावर टीडीएस (पैसे देतानाच कापून सरकारकडे भरलेला आयकर) लागतो, रजा असतात. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या आहेत आणि त्यांनुसार ठरावीक मुदतीच्या नोकरीत एका वर्षानंतर ग्रॅच्युइटीचा हक्क मिळतो. हे एजन्सीच्या एचआरला लेखी विचारा.

दुसरा प्रकार स्वतंत्र सल्लागाराचा. तुम्ही महिन्याच्या शेवटी इन्व्हॉइस पाठवता, कंपनी टीडीएस कापून पैसे जमा करते. पीएफ नाही, पगारी रजा नाही. तिसरा प्रकार म्हणजे गावातल्या दुकानाचं, दवाखान्याचं, पतसंस्थेचं एखादं काम ठरावीक रकमेत करून देणं.

कागद हातात आला की एवढंच बघा: त्यावर "नियुक्ती" लिहिलंय की "सेवा करार"? पीएफचा उल्लेख आहे का? काही एजन्सीज वेळा, हजेरी, रजेची परवानगी सगळं नोकरीसारखं ठेवतात आणि कागद मात्र सल्लागाराचा देतात. म्हणजे बंधनं नोकराची आणि जोखीम धंदेवाल्याची. असा कागद आला तर एक तर पीएफ मागा, नाही तर दर वाढवून मागा. दोन्ही नाकारलं तर ते काम सोडा.

खालचं सगळं दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रकाराबद्दल आहे.

डिग्री झाल्या झाल्या थेट यात उतरू का?

शक्य असेल तर नको. दोन वर्षं कुणाच्या तरी हाताखाली काढा. त्या दोन वर्षांत पगारापेक्षा मोठी गोष्ट मिळते: तुमचा कोड रोज दुसरं कुणी वाचतं आणि चुका दाखवतं. एकट्यानं काम करताना ती सवय लावणारं कुणी नसतं. शिवाय पुढची कामं याच दोन वर्षांतल्या ओळखींतून येतात. माझी पहिली तिन्ही बाहेरची कामं पुण्यातल्या जुन्या सहकाऱ्यांनी दिली.

नोकरी मिळतच नसेल तर रिकामं बसू नका. एखाद्या अनुभवी कॉन्ट्रॅक्टरच्या कामातला तुकडा घ्या. पैसे कमी मिळतील, पण तुमचं काम तपासणारं माणूस मिळेल.

पहिलं काम कुठून मिळतं?

ओळखीतून. वेबसाइटवर प्रोफाइल टाकून जगभरातून कामं मिळवणारे आहेत, पण तिथे पहिली दोन-तीन कामं मिळेपर्यंत दमछाक होते आणि मधली साइट प्रत्येक बिलातून कमिशन कापते. तो रस्ता चालू ठेवा, पण त्याच्यावर बसून राहू नका.

आपल्या भागात कामं आहेत. मिरजेत दवाखाने आणि लॅब आहेत, कुपवाडच्या एमआयडीसीत कारखाने आहेत, तासगावकडे द्राक्षं आणि बेदाण्याचे व्यापारी आहेत, आणि सांगलीची हळदीची पेठ तर आहेच. पैसा पुण्याइतका नाही, पण काम खरं असतं आणि ते वापरणारा माणूस समोर बसलेला असतो.

माझं इथलं पहिलं काम मार्केट यार्डातल्या एका हळदीच्या दुकानाचं. बिलाचं सॉफ्टवेअर, ठोक चाळीस हजार. मी घरी बसून सुबक स्क्रीन केली: शेतकऱ्याचं नाव, पोती, एकूण वजन, दर, हमाली, तोलाई, निव्वळ रक्कम. दाखवायला गेले तेव्हा दिवाणजी आप्पांनी चष्मा पुसून स्क्रीन बघितली आणि म्हणाले, "ताई, हितं एकेक पोत्याचं वजन येगळं लिवायचं असतंय. बेरीज मागनं." मग काट्याजवळ नेऊन दाखवलं. एक माणूस वजन पुकारतो, दुसरा लांब कागदावर खाली खाली आकडे मांडत जातो, शेतकरी शेजारी उभा राहून तो कागद वाचतो. त्या यादीवर त्याचा विश्वास असतो, बेरजेवर नाही. माझ्या स्क्रीनवर ती यादीच नव्हती. मी पट्टी, म्हणजे शेतकऱ्याला द्यायचा विक्रीचा हिशेब, नीट बघितली होती, पण पट्टी ज्या कागदावरून होते तो कागद मागितलाच नव्हता.

दोन दिवस त्या दुकानात स्टुलावर बसले आणि अर्धं काम पुन्हा केलं, त्याच चाळीस हजारांत. तेव्हापासून कुठलंही काम घेण्याआधी मी सध्या वापरात असलेले सगळे कागद मागते. वही, पावती, हातानं मांडलेला हिशेब, व्हॉट्सॲपवरचे फोटोसुद्धा. तुम्हीही मागा.

सांगलीत राहून खरंच जमतं का? पुण्यात असायला नको का?

जमतं. आणि माझं ठाम मत आहे की सुरुवात करणाऱ्यासाठी सांगली पुण्यापेक्षा बरी. कारण साधं आहे. कॉन्ट्रॅक्टवर काम करणाऱ्याचं सगळ्यात मोठं भांडवल म्हणजे "नाही" म्हणता येणं. कमी दराचं, उद्या द्या म्हणणारं, करार न करणारं काम नाकारता आलं पाहिजे. ते नाकारता येतं ते खिशात चार-सहा महिन्यांचा खर्च असेल तरच. पुण्यात भाड्याच्या घरात तेवढी रक्कम साठवायला जितका काळ लागतो, त्याच्या निम्म्यात ती इथे साठते. राहतं घर असेल तर आणखी लवकर.

अडचणी आहेत त्याही सांगते. इंटरनेटची दोन कनेक्शन हवीत, वेगवेगळ्या कंपन्यांची. एक फायबर आणि एक मोबाइलवरचं चालतं. राउटरला वेगळा छोटा यूपीएस लावा. घरातल्या इन्व्हर्टरवर बदल होताना राउटर क्षणभर बंद पडतो आणि कॉल तुटतो. महावितरणचा देखभालीसाठी वीज बंदचा मेसेज आला की त्या वेळेतल्या मीटिंग आदल्या दिवशीच हलवा.

आणि कृष्णा. गावभागात, नदीकडच्या पेठांत राहणाऱ्यांनी हे कामाच्या नियोजनातच धरावं. आयर्विन पुलाजवळ ४० फूट ही इशारा पातळी आणि ४५ फूट ही धोक्याची. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. तेव्हा आम्ही गावभागात राहायचो. पाणी चाळिशीला आलं त्या संध्याकाळीच मी लॅपटॉप, हार्ड डिस्क आणि करारांची फाइल दोन प्लॅस्टिकच्या पिशव्यांत बांधून विश्रामबागेत मावशीकडे नेली आणि पुण्याच्या क्लायंटला लिहिलं: "पुढचे आठ-दहा दिवस मी कदाचित काम करू शकणार नाही. कोड अद्ययावत ठेवला आहे, पासवर्ड अमुक ठिकाणी आहेत, तातडीचं काही असेल तर आज रात्रीत सांगा." त्यांनी दोन गोष्टी सांगितल्या, त्या रात्री करून दिल्या. पुढे वीजच नव्हती. ते काम सुटलं नाही, उलट तीन वर्षं चाललं. बंद पडून मग कळवलं असतं तर कदाचित सुटलं असतं.

दर कसा ठरवायचा?

इथे सगळेच चुकतात, म्हणून सविस्तर.

समजा नोकरीत हातात ३५,००० येत होते. मुलं त्याला महिन्याच्या २२ दिवसांनी भागतात आणि रोजचे १,६०० सांगून मोकळी होतात. वर्षभरानं कळतं की आपण नोकरीपेक्षा गरीब झालो.

उलट्या बाजूनं या. वर्षाचा घरखर्च ४,२०,००० धरा. त्यात धंद्याचा खर्च घाला: ७५,००० चा लॅपटॉप तीन वर्षं चालला तर वर्षाचे २५,०००, दोन इंटरनेटचे १८,०००, आरोग्य विम्याचा हप्ता २५,०००, सीएचे १०,०००, सॉफ्टवेअर आणि बाकी किरकोळ १२,०००. हे झाले ९०,०००. नोकरीत पीएफ आपोआप साठायचा, आता तो तुम्ही साठवायचा: १,२०,००० धरा. एकूण ६,३०,०००.

आता दिवस मोजा. वर्षाला कामाचे २६० दिवस. त्यातून सण, रजा, आजारपण, लग्नकार्यं, नवीन कामं शोधण्यात, बिलं आणि फोनाफोनीत जाणारे दिवस, आणि दोन कामांमधली रिकामी जागा वजा करा. पहिल्या वर्षी बिल करता येतील असे १८० दिवस मिळाले तरी चांगलं म्हणायचं. ६,३०,००० भागिले १८० म्हणजे रोजचे ३,५००. ताशी साधारण ४४०.

सोळाशे कुठे आणि साडेतीन हजार कुठे. दुसरा आकडा म्हणजे हाव नाही, तो त्याच ३५,००० च्या नोकरीचा खरा दर आहे. हा तुमचा तळ. याच्या खाली जायचं नाही. वर किती जायचं ते कौशल्यावर आणि समोरच्याच्या गरजेवर.

दिवसावर घेऊ की ठोक रकमेत?

शेतात कामं रोजानं देतात आणि उक्तीही देतात, तोच हिशेब. ज्याला बाग माहीत आहे, वेली मोजल्या आहेत, तो छाटणी उक्ती घेतो. बाग न बघता कुणी उक्तं घेत नाही. सॉफ्टवेअरमध्ये मात्र लोक बाग न बघता उक्तं घेतात.

काम स्पष्ट असेल, असंच काम आधी केलेलं असेल, तर ठोक घ्या. हात बसलेला असेल तर फायदा तुमचा. बाकी सगळं दिवसावर. समोरचा ठोक रकमेवरच अडला असेल तर आधी एका आठवड्याचं छोटं काम वेगळ्या पैशांत घ्या: फक्त बघणं, समजून घेणं, लिहून देणं. ते झालं की ठोक आकडा सांगा. त्या आठवड्याचे पैसे द्यायला जो तयार नाही, तो पुढचे पैसे देतानाही त्रास देतो, असा माझा अनुभव आहे.

करार करायलाच हवा का? ओळखीचे लोक आहेत, वाईट दिसतं.

ओळखीचे आहेत म्हणूनच करा. ओळख टिकते. वकील किंवा मोठा कागद हवाच असं नाही. काय करणार, काय करणार नाही, किती पैसे, कधी, हे ईमेलवर लिहा आणि "मान्य आहे" असं उत्तर मागवून घ्या. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० च्या कलम १०ए नुसार केवळ इलेक्ट्रॉनिक आहे म्हणून करार अमान्य ठरत नाही.

"काय करणार नाही" हा भाग सगळे विसरतात. मी लिहिते: जुना डेटा भरणं यात नाही, प्रिंटर जोडून देणं यात नाही, सहा महिन्यांनंतरचे बदल यात नाहीत. वाचताना रुक्ष वाटतं, पण भांडण नेमकं इथेच होतं.

कोडची मालकी कुणाची तेही लिहा. कॉपीराइट कायदा १९५७ च्या कलम १७ प्रमाणे नोकरीत लिहिलेल्या कोडची पहिली मालकी मालकाची, पण स्वतंत्र कॉन्ट्रॅक्टरनं लिहिलेल्या कोडची मालकी सहसा त्याचीच, लेखी हस्तांतरण होईपर्यंत. कलम १९ म्हणतं की हस्तांतरण लेखी आणि सही केलेलं हवं, आणि मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते. मी लिहिते, "पूर्ण पैसे मिळाल्यावर या कामाची मालकी क्लायंटकडे जाईल, माझ्याकडचे आधीचे सर्वसाधारण तुकडे माझे राहतील, क्लायंटला ते या कामात वापरता येतील." दोन्ही बाजूंना हे रास्त आहे.

मोठ्या कंपनीच्या करारात "काम संपल्यावर दोन वर्षं याच क्षेत्रात दुसऱ्याचं काम करणार नाही" असं कलम सापडतं. भारतीय करार कायदा १८७२ च्या कलम २७ मुळे काम संपल्यानंतरची अशी बंदी सहसा टिकत नाही. तरी सही करण्याआधी ते काढायला सांगा, बहुतेक वेळा काढतात. गुप्ततेचं कलम मात्र रास्त असतं आणि ते मनापासून पाळा. क्लायंटचा कोड किंवा डेटा कुठल्याही एआयच्या खिडकीत टाकण्याआधी त्यांची लेखी परवानगी घ्या.

कंपनी काढावी लागते का? कुठली नोंदणी लागते?

कंपनी नको. स्वतःच्या नावानं, स्वतःच्या पॅनवर सुरू करा.

शॉप ॲक्टची, म्हणजे दुकानं-आस्थापनांच्या कायद्याखालची, ऑनलाइन सूचना द्या. महाराष्ट्रात एकट्यानं काम करणाऱ्याला फक्त सूचना पुरते. उद्यम, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंदणी करा. ती पूर्णपणे मोफत आहे, सरकारी संकेतस्थळावर आधार आणि पॅनवर होते. पैसे मागणाऱ्या साइट्स दिसतात, त्या सरकारी नाहीत. या दोन कागदांवर बँकेत चालू खातं उघडतं. घरचं आणि धंद्याचं खातं पहिल्या दिवसापासून वेगळं ठेवा. व्यवसाय कराची नोंदणी बरेच जण विसरतात: वर्षाला २,५०० रुपये. राहून गेलं तर पुढे व्याज आणि दंडासह भरावे लागतात.

जीएसटी?

सेवांसाठी वर्षाला २० लाखांच्या उलाढालीपर्यंत नोंदणी सक्तीची नाही, क्लायंट पुण्यातला असो की बंगळूरचा. काही कंपन्या जीएसटी नंबरशिवाय काम देत नाहीत, तेव्हा स्वेच्छेनं घ्यावा लागतो. घेतलात की १८ टक्के लावायचा, वेळेवर भरायचा आणि काम नसलं तरी रिटर्न भरायचंच. तो पैसा तुमचा नाही, तो वेगळ्या खात्यात ठेवा. गरज पडेपर्यंत घेऊ नका.

आयकर कसा भरायचा? बिलातून दहा टक्के कापलेत, ते बुडाले का?

बुडाले नाहीत. तो टीडीएस आहे. एका क्लायंटकडून वर्षाला ५०,००० च्या वर व्यावसायिक फी गेली की कंपनीला तो कापावा लागतो, साधारण १० टक्के. तांत्रिक सेवा म्हणून धरलं तर २ टक्के. कापलेली रक्कम आयकराच्या संकेतस्थळावर तुमच्या पॅनखाली दिसते. दर तिमाहीनंतर जाऊन बघा. कापले आणि भरलेच नाहीत असं होऊ शकतं, आणि ते वर्षअखेरीला कळण्यापेक्षा तीन महिन्यांत कळलेलं बरं.

छोट्या व्यावसायिकासाठी अंदाजित उत्पन्नाची तरतूद आहे, आयकर कायदा १९६१ मधली ४४एडीए. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा आला आणि कलमांचे आकडे बदलले, पण सीए अजून याच नावानं ओळखतात. वर्षाची जमा ५० लाखांपर्यंत, आणि रोख पाच टक्क्यांच्या आत असेल तर ७५ लाखांपर्यंत असली, तर जमेच्या निदान निम्मी रक्कम उत्पन्न म्हणून दाखवायची. सविस्तर हिशेबाच्या वह्या ठेवाव्या लागत नाहीत. खरा नफा निम्म्याहून जास्त असेल तर जास्त दाखवा. तुमचं काम यात बसतं का ते सीएकडून एकदा पक्कं करून घ्या.

वरच्या उदाहरणात ६,३०,००० जमा झाले आणि धंद्याचा खर्च वजा जाता साधारण साडेपाच लाख उत्पन्न दाखवलं, तरी नव्या करप्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर सवलतीमुळे कर बसत नाही. म्हणजे कापलेले ६३,००० परत मिळतील. पण रिटर्न भरल्यावर. तोवर ते अडकलेले आहेत, आणि पहिल्या वर्षी ६३,००० अडकणं म्हणजे जवळजवळ दोन महिन्यांचा घरखर्च. पैशाचं नियोजन करताना हातात ९० टक्केच येणार असं धरा.

कर बसणार असेल तर अंदाजित पद्धतीत पूर्ण आगाऊ कर १५ मार्चपर्यंत एकदाच भरायचा असतो. ती तारीख चुकवू नका.

परदेशी क्लायंट मिळाला तर?

आनंदानं घ्या. अमेरिकन कंपनी डब्ल्यू-८बीईएन नावाचा फॉर्म मागेल. घाबरू नका, तुम्ही अमेरिकेचे नागरिक नाही आणि तिथे करदाते नाही एवढं सांगणारा तो कागद आहे. पैसे आले की बँक उद्देशाचा कोड विचारते, सॉफ्टवेअर सल्ल्यासाठी पी०८०२ असतो. परकीय रक्कम जमा झाल्याचं बँकेचं पत्र प्रत्येक वेळी मागून फाइलला लावा. जीएसटी नोंदणी असेल तर हमीपत्र भरून कर न लावता बिल करता येतं.

वेळेचं मात्र आधी ठरवा. न्यूयॉर्क आपल्यापेक्षा उन्हाळ्यात साडेनऊ तास मागे असतं, हिवाळ्यात साडेदहा. त्यांची सकाळ ही आपली संध्याकाळ आणि रात्र. मी लिहून दिलंय की आठवड्यात दोनच दिवस रात्री नऊपर्यंत कॉल. पहिल्याच आठवड्यात सांगितलं तर लोक मानतात, सहा महिन्यांनी सांगितलं तर ते तक्रार समजतात.

पैसे अडकले तर काय करायचं?

अडकू नयेत अशी व्यवस्था आधी करा. नवीन माणसाकडून तीस-चाळीस टक्के आगाऊ, मग टप्प्याटप्प्यानं. शेवटचा टप्पा लहान ठेवा, म्हणजे तो बुडाला तरी कंबर मोडणार नाही.

माझे एकदा १,१०,००० अडकले. बाहेरच्या एका कंपनीचं काम, चार महिन्यांचं. दर वेळी "अकाउंट्सकडे आहे" एवढंच उत्तर. तोवर मी उद्यम नोंदणी केलेलीच नव्हती, आणि ती काम देण्याआधीपासून असलेली बरी. त्यातले साठ हजार आठ महिन्यांनी आले, बाकीचे आले नाहीत. म्हणून वर उद्यमचा आग्रह धरला.

ती असेल तर हातात कायदा असतो. सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग विकास कायदा २००६ प्रमाणे सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचे पैसे लेखी करार असला तरी ४५ दिवसांच्या आत द्यावे लागतात, करार नसेल तर १५ दिवसांत. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दरानं चक्रवाढ व्याज लागतं. सरकारी पोर्टलवर तक्रार करता येते, ती राज्याच्या सुलभीकरण परिषदेकडे जाते. बऱ्याचदा तक्रारीची वेळ येत नाही. इन्व्हॉइसवर उद्यम क्रमांक आणि ४५ दिवसांची ओळ छापलेली असली की अकाउंट्सवाले ते बिल वर घेतात, कारण उशीर होऊन वर्ष उलटलं तर त्यांच्याच करात तो खर्च त्या वर्षी धरता येत नाही.

एक गोष्ट करू नका. पैशांसाठी क्लायंटचं चालू सॉफ्टवेअर बंद पाडू नका, त्यांचा डेटा अडवू नका. राग येतो, मलाही आला होता. पण दवाखान्याचे रिपोर्ट किंवा शेतकऱ्याची पट्टी अडली तर त्रास तिसऱ्याच माणसाला होतो, आणि कायद्यातही तुम्हीच अडकता. नवीन काम थांबवा, लेखी कळवा, तेवढं पुरे.

"घरबसल्या डेटा एन्ट्री, आधी डिपॉझिट" हे खरं असतं का?

नाही. काम देणारा कधीही पैसे मागत नाही. आपल्याकडच्या कितीतरी पोरींनी दोन-तीन हजार भरलेत, रात्र रात्र टायपिंग केलंय, आणि शेवटी "अचूकता कमी आली, करारभंग झाला, दंड भरा नाहीतर कोर्टात खेचू" अशी वकिलाच्या नावानं नोटीस आली. ती नोटीस बघून घाबरून आणखी पैसे भरू नका. घरच्यांना सांगा आणि १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करा. यात लाज वाटण्यासारखं काही नाही.

पीएफ नाही, मग म्हातारपणाचं काय? आजारी पडलं तर?

आरोग्य विमा नोकरी सोडण्याआधी घ्या, कारण आधीच्या आजारांना वाट बघण्याचा काळ लागतो आणि तो जितका लवकर सुरू होईल तितकं बरं. घरात तुमच्यावर अवलंबून कुणी असेल तर मुदत विमाही. पीपीएफमध्ये वर्षाला दीड लाखापर्यंत टाकता येतात. रक्कम जमली की नव्हे, बिल जमा झालं की त्याच दिवशी ठरलेला हिस्सा बाजूला काढा.

गृहकर्ज मिळतं का? आणि घरचे म्हणतात, "परमनंट" नसेल तर स्थळ कसं येणार?

कर्ज मिळतं, पण बँका साधारण दोन-तीन वर्षांची रिटर्न्स मागतात. घर घ्यायचं असेल तर ती वर्षं आधीपासून धरा, आणि कर वाचवायला उत्पन्न कमी दाखवलं तर कर्जही कमीच मिळेल हे लक्षात ठेवा.

दुसऱ्या प्रश्नाला माझ्याकडे सोपं उत्तर नाही. आमच्या घरी दोन वर्षं हाच विषय होता. आईची समजूत बोलण्यानं पटली नाही. मी तिला दर महिन्याला जमा झालेली रक्कम एका वहीत लिहून दाखवायला लागले, रिकाम्या महिन्यांसकट. वर्षभराची वही भरल्यावर तिनंच पाहुण्यांना सांगितलं, "तिचा स्वतःचा धंदा आहे." नोकरी हा शब्द तिनं सोडून दिला.

एकच क्लायंट असेल तर चालेल का?

सुरुवातीला चालेल, कायम नाही. वर्षाच्या निम्म्याहून जास्त जमा एकाच ठिकाणाहून येत असेल तर दर आठवड्याला अर्धा दिवस दुसऱ्या कामाच्या शोधात घाला, हातातलं काम कितीही भरभरून असलं तरी.

परत नोकरीत जाता येतं?

येतं. केलेल्या कामांची यादी, क्लायंटची चार ओळींची पत्रं आणि रिटर्न्स जपून ठेवली असतील तर मधली वर्षं अनुभव म्हणूनच धरली जातात.

पहिला इन्व्हॉइस कसा लिहू?

एका पानावर. वर तुमचं नाव, पत्ता, पॅन, उद्यम क्रमांक. क्लायंटचं कायदेशीर नाव, बोलण्यातलं नव्हे. इन्व्हॉइसचा क्रमांक आणि तारीख. मग काम: "ऑगस्ट महिन्याचं काम" असं नको, "पट्टीच्या स्क्रीनवर पोतीनिहाय वजनाची यादी, ६ दिवस, दर ३,५००, एकूण २१,०००" असं. कामाची तारीख कुठून कुठपर्यंत. देय तारीख ठळक. बँकेचं नाव, खाते क्रमांक, आयएफएससी. पीडीएफ करून ईमेलनं पाठवा, व्हॉट्सॲपवर नुसता फोटो नको. पाठवल्या दिवशीच देय तारखेच्या तीन दिवस आधीची आठवण फोनमध्ये लावा, आणि त्या दिवशी स्वतः फोन करा, "बिल पोचलं का, काही अडचण नाही ना?" एवढंच विचारायला.